की नव्हे, कुलूप

गद्रेबाईंना 'पब्लिक की' हा शब्द चालत नसे. ऑफिसात कुणी चुकून तो उच्चारला की त्या चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "की? कसली की? त्याने काही उघडतं का?"

समोरचा गडबडे. "नाही म्हणजे... त्याने फाईल बंद करतात."

"ज्याने बंद करतात त्याला मराठीत काय म्हणतात?"

"कुलूप."

"मग कुलूप म्हणा. इंग्रजांना म्हणू दे की. त्यांचं ते बघतील."

नारायण पेठेत पहिल्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस. काम अक्षरजुळणीचं, पण लग्नपत्रिकांचं नव्हे. चार शिक्षणसंस्थांच्या प्रश्नपत्रिका आमच्याकडे जुळायला येत. त्या ईमेलने येत, पण अशा बंदोबस्तात की वाटेत कुणी पाहिल्या तर त्याला नुसता अक्षरांचा चिवडा दिसावा. उघडायच्या त्या फक्त आमच्या संगणकावर. ते कुलूप-किल्लीचं सॉफ्टवेअर बाईंनी साठी उलटल्यावर स्वतः शिकून स्वतः बसवलं होतं. त्याआधी त्या काय करत, याबद्दल कुणी म्हणे बँकेत होत्या, कुणी म्हणे कॉलेजात. बाईंना विचारलं तर म्हणत, "दोन्ही खरं आहे, तुम्हाला कुठलं हवंय?"

मी तिथे टायपिंगला होते. मी भंडारा जिल्ह्यातली, साकोलीकडची. नववीत शाळा सुटली, मग तालुक्याला जाऊन मराठी टायपिंग तेवढं शिकले. नवऱ्याला इकडे कंपनीत काम लागलं म्हणून पुण्याला आले आणि धायरीत भाड्याने राहिले. ज्या इयत्तांच्या बाकावर मी कधी बसले नाही, त्यांच्या प्रश्नपत्रिका मी टाईप करत असे. रोज बसमध्ये एकच विचार मनात यायचा, की आज यांना कळणार आपण चुकीच्या जागी आलोय, आणि ही खुर्ची जाणार. ही खुर्ची गेली असती तर दुसरी कुणी दिली नसती, हेही मला पक्कं ठाऊक होतं.

बाईंनी मला घेतलं ते एका शब्दावर. म्हणाल्या, "'गोपनीय' लिहून दाखव." मी टाईप केलं. त्यांनी वाकून पाहिलं. "नी दीर्घ. उद्यापासून ये."

मी आपणहून सांगितलं, "माझी नववीच झाली आहे जी."

"मी विचारलं का?" बाई म्हणाल्या. "न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं तर गुण मिळत नाहीत."

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला सॉफ्टवेअर शिकवलं. "प्रत्येकाची एक जोडी असते. कुलूप आणि किल्ली एकाच क्षणी जन्मतात. कुलूप गावभर वाटायचं. ज्याला आपल्याला काही पाठवायचंय त्याने आपलं कुलूप लावून पाठवायचं. उघडणार ते आपल्याच किल्लीने. ज्याने लावलं त्यालासुद्धा मग उघडता येत नाही."

"त्याचीच फाईल, अन् त्यालाच नाही? काहून?"

"काहून म्हणजे? पोस्टाच्या पेटीत पत्र टाकल्यावर तू हात घालून परत काढतेस का?"

मग त्यांनी मला घर दाखवावं तसं संगणकाचं पोट दाखवलं. लोकांची कुलपं सगळी एका मोठ्या डब्यात, म्हणजे एकाच फाईलमध्ये. त्यात संस्थांचे अधिकारी, पेपर काढणारे प्राध्यापक, एक वारलेले भूगोलाचे सरसुद्धा. मी म्हटलं, सरांचं काढून टाकू का? "राहू दे. जुन्या पत्रांवर त्यांची सही आहे. ती पटवायला त्यांचंच कुलूप लागतं. माणूस गेला म्हणून सही खोटी होत नाही." आपल्या किल्ल्या मात्र वेगळ्या कपाटात, प्रत्येक किल्लीची डबी वेगळी. डबीवर नाव नाही, नुसती आकड्या-अक्षरांची लांबलचक माळ. आणि डबी हाती लागली तरी परवलीचं वाक्य टाकल्याशिवाय आतली किल्ली काही कामाची नाही.

तिसरी एक फाईल होती, तिच्यावर बाईंचा फार जीव. ती मतांची वही. सॉफ्टवेअर दर माणसामागे विचारतं, हा दुसऱ्यांची ओळख देतो त्यावर तुमचा किती भरवसा? एक म्हणजे माहीत नाही, दोन म्हणजे अजिबात नाही, तीन म्हणजे थोडासा, चार म्हणजे पूर्ण, आणि पाच फक्त स्वतःसाठी. आपण त्याचं कुलूप दुसऱ्या कुणाला पाठवलं तरी आपलं हे मत सोबत जात नाही, ते घरातच राहतं. सॉफ्टवेअर पाळतं ते पथ्य बाईंना काही जमत नसे. रिक्षावाल्याने मीटरला हात लावायच्या आधीच त्या मला ऐकू जाईल असं पुटपुटत, "दोन." समोरच्या इमारतीतल्या ज्योतिषाला त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुम्हाला मी एक दिलाय. म्हणजे वाईट नाही हो. माहीत नाही, एवढंच."

त्या हिशेबात आणखी एक नियम होता. थोड्या भरवशाच्या तिघांनी एखाद्याची ओळख पटवली, तर सॉफ्टवेअर ती ओळख पूर्ण धरतं. बाई म्हणत, "तीन अर्धवट मिळून एक शहाणा. हे ज्याने लिहिलं त्याने सोसायटीची मीटिंग पाहिलेली दिसत नाही." पण भाजीवाला बदलायचा असला की त्या नेमक्या तीनच शेजारणींना विचारत.

मी एकदा हिंमत करून विचारलं, "मला किती जी?"

"तुझं स्वतःचं कुलूप आहे? नाही ना? मग चौकशा कशाला?"

बाईंना खरा रंग चढे तो फोनवर. नवीन माणसाचं कुलूप आलं की ते खरंच त्याचं आहे ना, हे बघायला कुलपाचा ठसा ताडून पाहायचा असतो. चाळीस आकडे-अक्षरं, चार-चारच्या गटाने. बाई इंग्रजी अक्षरं वाचत नसत. "प्रश्नाच्या पर्यायांना आपण अ, ब, क, ड म्हणतो ना? मग इथेही तेच. पुढे इ आणि फ. तेवढ्यात भागतं." आणि मोठ्याने, एखादी आरती म्हणावी तशा म्हणत, "चार, फ, दोन, अ. मिळालं?"

"हो."

"नऊ, नऊ, ड, सात?"

"हो, हो."

पाचव्या-सहाव्या गटाला बाई मुद्दाम एक आकडा चुकीचा वाचत. पलीकडून "हो, बरोबर" आलं की त्या शांतपणे म्हणत, "तुम्ही कागद बघतच नाही आहात. जेवून घ्या, मग फोन करा." आणि फोन ठेवून देत. एका विभागप्रमुखांना त्यांनी असं तीनदा जेवायला पाठवलं. चौथ्या वेळी ते बिचारे बाईंनी बरोबर वाचलं तरी "चूक!" म्हणून ओरडले. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "आता जागे आहेत."

पण मला सांगायचंय ते वेगळंच. बाईंनी शिकवलेलं सगळं मी इतकं नीट शिकले की त्यातूनच घात झाला.

त्या दिवशी बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. सदुसष्टाव्या वर्षी अक्कलदाढ काढायला. "उशिरा आली, उशिरा जातेय," एवढं बोलून जिना उतरल्या. ऑफिसात मी एकटीच. अकराच्या सुमाराला एका नव्या संस्थेतून फोन आला. निखिल नावाचा मुलगा होता, त्यांचं कॉम्प्युटरचं काम बघणारा.

"मॅम, पेपर पाठवायचाय. तुमची की शेअर करा ना प्लीज. लंचच्या आधी."

"की?" मी विचारलं.

"हो, की. ईमेलवर चालेल."

मी थबकले. पण त्याने कुलूप मागितलं नव्हतं. आमच्या ऑफिसात की म्हणजे किल्ली, दुसरं काही नाही, हे बाईंनी माझ्याकडून घोकून घेतलं होतं. संस्थेचा माणूस मागतोय, लंचच्या आधी हवीय, आणि बाईंना दाताच्या खुर्चीत फोन करायची माझी छाती होईना. मी किल्लीच्या कपाटात गेले. सॉफ्टवेअरने एक इंग्रजी चौकट उघडली. तिच्यात त्रिकोण होता आणि बरंच काही लिहिलेलं होतं. इंग्रजी चौकटींना मी 'ओके' म्हणत असे, मोठ्या माणसांना म्हणतात तसं. मग परवलीचं वाक्य मागितलं. रोज पत्रिका मीच उघडत असल्याने ते मला ठाऊक होतं. ते टाकलं. आणि आमची किल्ली मी निखिलला पाठवून दिली. खाली 'कळावे' सुद्धा लिहिलं.

बाराला बाई आल्या. गाल सुजलेला, तोंडात कापूस, दिवसभर बोलायचं नाही असा डॉक्टरांचा हुकूम. मी कौतुकाने सांगितलं, नवीन संस्थेने की मागितली होती, पाठवली.

बाईंनी पाठकोऱ्या कागदाचा तुकडा ओढला, पेन्सिलीने लिहिलं: *कुलूप ना?*

"नाही जी. की."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. ज्या बाईचं तोंड सहा वर्षांत मी बंद पाहिलं नव्हतं, ती बाई तोंड मिटून बघत होती, आणि त्या मिटल्या तोंडाकडे बघता बघताच मला उमगलं मी काय केलं ते. त्या किल्लीने उघडतील अशा तीन प्रश्नपत्रिका त्या घडीला ऑफिसात होत्या. बाई पुन्हा लिहू लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या. मला वाटलं, हा आपला निरोप. कागद पुढे आला. दोनच शब्द होते, बाकीचं खोडलेलं: *फोन लावा.*

बाई रागावल्या की मला अहोजाहो करत. आता त्या लिहूनही करत होत्या.

मी फोन लावला, स्पीकर चालू केला. बाई चिठ्ठ्या लिहीत होत्या, मी वाचत होते.

"निखिल, ती फाईल तुम्ही उघडली का?"

"हो मॅम, इम्पोर्ट केली. ठळक अक्षरात काहीतरी आलं, मी बघितलं नाही नीट. आणि कोअर ग्रुपला फॉरवर्ड केली, सगळ्यांकडे असावी म्हणून."

चिठ्ठी: *ग्रुपात किती माणसं?*

"अकरा."

बाईंनी डोळे मिटले. मग चिठ्ठी आली. मी वाचली, "क्रिकेट खेळता का जी तुम्ही?"

"काय?"

पुढच्या चिठ्ठीत त्याला नीट समजावलं होतं, की आलंय ते कुलूप नव्हे, आमची किल्लीच आहे. ऐकून निखिल हसला. "अरे मॅम, चिल. पासवर्ड तुमच्याकडेच आहे ना? त्याशिवाय फाईल यूजलेस आहे. मी सगळ्यांना डिलीट करायला सांगतो. कुणाला कळवायची गरजच नाही. उगाच इश्यू होईल तुमचाच."

बाईंच्या पेन्सिलीचं टोक मोडलं. त्या ड्रॉवरमध्ये शार्पनर शोधू लागल्या. फोनवर निखिल, "हॅलो? मॅम?" करत होता. मला खोटं बोलायचं नाही. कुणाला कळवायची गरज नाही, हे वाक्य ऐकून मला वाटलं, देवच बोलतोय. नाही कळवलं तर खुर्ची राहते. अकराही जण डिलीट करतील, चांगली पोरं असतील. मी बाईंच्या पाठीकडे पाहिलं. चिठ्ठी काही येत नव्हती.

"नाही जी," मी म्हटलं. "किल्ली घराबाहेर गेली म्हणजे ती आपली नाही राहिली. आता ते कुलूपच मारून टाकावं लागते. आणि सगळ्यांना सांगावं लागते."

ड्रॉवरची खुडबुड थांबली. बाई वळल्या, पेन्सिलीच्या मोडक्या टोकानेच खरडून त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली: *वाक्य बरोबर. 'लागते' नव्हे, 'लागतं'.*

कुलूप मारायचं म्हणजे कायमचं रद्द करायचं, आणि ते कसं, हे त्याच्या जन्माच्या दिवशीच ठरलेलं असे. जोडी तयार झाली की लगेच सॉफ्टवेअर तिचं मृत्युपत्र करून एका वेगळ्या फोल्डरात ठेवतं. हे कुलूप यापुढे वापरू नये, असं त्यात किल्लीच्याच सहीने लिहिलेलं असतं. मात्र चुकून कुणी ते चालू करू नये म्हणून त्याच्या पहिल्या ओळीआधी एकावर एक अशी दोन टिंबं दिलेली असतात. इंग्रजीत त्याला काही म्हणत असतील, बाई त्याला विसर्ग म्हणत. विसर्ग आहे तोवर मृत्युपत्र निर्जीव.

बाईंनी ती फाईल उघडली, उठून उभ्या राहिल्या आणि मला त्यांच्या खुर्चीवर बसायची खूण केली. चिठ्ठी: *विसर्ग काढा.*

मी एवढी वर्षं हजारो विसर्ग टाईप केले असतील, 'दुःख' मधला धरून. एवढा जड एकही नव्हता. बोट एकदाच दाबलं. मग फाईल आत घेतली, आणि यादीतलं आमचं ठळक नाव फिकट झालं. नंतर ते मेलेलं कुलूप आम्ही चारही संस्थांना पाठवलं, म्हणजे त्यांच्याकडेही ते मेलेलं दिसावं. सोबत पत्र गेलं.

दुसऱ्या दिवशी बाईंचं तोंड परत आलं, आणि त्याच दिवशी सगळ्यात जुन्या संस्थेच्या परीक्षा अधिकाऱ्यांचा फोनही आला. स्पीकर चालूच होता.

"गद्रेबाई, हे केलं कुणी?"

"मी."

"पत्रात तर लिहिलंय तुम्ही दवाखान्यात होतात."

"माझं तोंड दवाखान्यात होतं. चूक माझी आहे. या ऑफिसात कुलपाला की म्हणायला मी बंदी घातलीय. त्या मुलाने की मागितली, हिने की दिली. हिचं मराठी चोख होतं. चोख मराठीचा तोटा झाला, इतकंच."

"ते ठीक आहे. पण त्या बाईंचं शिक्षण काय?"

ज्या प्रश्नाला मी सहा वर्षं भीत होते, तो आज विचारला गेला होता.

"नववी," बाई म्हणाल्या. "तुमचं काय?"

"अहो, माझा इथे काय संबंध?"

"गेल्या महिन्यात तुमच्या सहीचं पत्र आलं. त्यात 'गोपनिय' आहे, नि ऱ्हस्व. तीन ठिकाणी. ते नववीतल्या बाईने दुरुस्त करून फायलीला लावलंय. मला सांगून नव्हे, तिला राहवलं नाही म्हणून. मी तिला ठेवतेय. तुम्ही तुमचं बघा."

अधिकाऱ्यांनी आपली एक पत्रिका मागे घेतली आणि नवी काढून घेतली. ज्या सरांना ती दुसऱ्यांदा काढावी लागली, ते मला मनातल्या मनात काय म्हणाले असतील, ते त्यांचं तेच जाणोत. उरलेल्या दोनही पत्रिका बदलल्या. पण संस्था चारही राहिल्या. निखिलची नवीन पाचवीही राहिली. त्यानंतर बाहेरच्या कुणी की मागितली की बाई एवढी सवलत देत: "लावायची की उघडायची?"

नवीन जोडी करताना सॉफ्टवेअर परवलीचं वाक्य मागत होतं. बाईंनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "तूच टाक. मला सांगू नकोस. आणि जरा लांबलचक असू दे, तुझ्या काळजीसारखं."

"मी विसरले तर जी?"

"तू? कधीपासून विसरायला लागलीस?"

पुढे दोनेक वर्षांनी बाईंची नजर उतरली. ऑपरेशन झालं, तरी बारीक अक्षर नीट दिसेना. एका सोमवारी त्यांनी संगणकावरून स्वतःची किल्ली पुसली. सॉफ्टवेअरने, नक्की का, असं तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी बाई त्याच्यावरच खेकसल्या, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" संस्थांना पत्र गेलं की ऑफिस आता ही बघेल. त्यात माझं शिक्षण लिहिलं नव्हतं. मी वाचून पाहिलं होतं, दोनदा.

त्यांना शेवटचं पाहिलं ते फेब्रुवारीत, नाशिकला बहिणीकडे राहायला जायच्या आदल्या आठवड्यात. दुपारी न सांगता आल्या. चहा घेतला, साखर जास्त झाली म्हणाल्या. मग खुर्ची ओढत माझ्या टेबलाशी आणली.

"बघू, यंदा गणित कुणी काढलंय? गेल्या वर्षी तो माणूस हौदाला तीन नळ लावून भोक बुजवायचं विसरला होता."

पत्रिका समोर उघडी होती. मी काही विचार केला, असं नाही म्हणता येणार. हात आपोआप गेला आणि पडदा काळा झाला.

"दाखवता येत नाही, बाई."

"कुणाला? मला?"

"हो जी."

"हे सॉफ्टवेअर कुणी बसवलं?"

"तुम्ही."

"तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच जी."

"मग?"

"मग काही नाही. पत्रिका बंद आहे."

बाई उठल्या. अर्धा चहा तसाच ठेवून जिना उतरल्या. मला राहवेना म्हणून गॅलरीत धावले. हाक मारणार, माफी मागणार, गणिताचा पेपर दाखवणार नव्हते पण बाकी सगळं करणार होते.

खाली चष्म्याचं दुकान आहे. बाई त्याच्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांचा आवाज वरपर्यंत स्वच्छ येत होता.

"आत घेतलं नाही हो मला!"

दुकानदार म्हणाला, "असं कसं? तुमचंच तर ऑफिस."

"तेच सांगतेय ना! माझंच ऑफिस, माझीच खुर्ची, आणि तोंडावर पडदा बंद केला!"

"अरेरे."

"अरेरे काय म्हणता? शाबास म्हणा! ऐका नीट!" आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मधे माझा आवाज काढून. मग काठी टेकत पुढे गेल्या. झेरॉक्सवाल्याला थांबवलं, त्यालाही सांगितलं. कोपऱ्यावर एक माणूस स्कूटरला किक मारत होता. त्याला बाई ओळखतही नसाव्यात. बाईंनी त्याच्या हँडलवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने आमच्या गॅलरीकडे बोट दाखवलं. तो माणूस गाडी बंद करून मान वर करून माझ्याकडे बघायला लागला.